पाच मतांचा उदारपणा

आज आमच्या सोसायटीत दादाभाई नौरोजींच्या जयंतीनिमित्त व्याख्यान झाले. इंग्रजांनी मोठ्या मनाने एका हिंदी माणसाला पार्लमेंटात निवडून दिले, असे वक्त्यांनी ठासून सांगितले आणि टाळ्याही पडल्या. तेव्हापासून माझा जीव जळतो आहे.

कसले मोठे मन? १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात दादाभाईंना २,९६१ मते मिळाली आणि कॅप्टन पेंटन यांना २,९५६. त्याआधी १८८६ मध्ये ते होबर्नमधून पडले होते. त्यावर पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एडिंबरोच्या सभेत, ब्रिटिश मतदार काळ्या माणसाला निवडून देतील असे वाटत नाही, असे खुशाल सांगून टाकले होते.

माझी आत्या ग्रामपंचायतीला चार मतांनी पडली. मतदारयादी काखेत मारून ती भर उन्हात वाडी-वस्ती पालथी घालायची. कोण मुंबईला गेले, कोण वारले, कोणाचे नाव चुकीचे छापले, सारे तिला तोंडपाठ होते. म्हणून पाच मतांच्या विजयाला कोणी दुसऱ्याची मेहेरबानी म्हटले, की मला राहवत नाही. ठीक आहे, नशिबाचाही थोडा हात असेल.

शिवाय फिन्सबरीची माती आधीपासून नांगरलेली होती. १८३२ मध्ये दोन जागांचा म्हणून सुरू झालेल्या जुन्या फिन्सबरीने ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक काढणारे टॉमस वेकली आणि १८४२ मध्ये चार्टिस्टांचा, म्हणजे सर्व पुरुषांना मताधिकार मागणाऱ्या कामगार चळवळीचा, ३३ लाख सह्यांचा अर्ज पार्लमेंटात मांडणारे टॉमस डंकम यांना निवडून दिले होते. १८८५ मध्ये त्याचे तुकडे झाले आणि क्लार्कनवेलच्या घड्याळजींची, कारागिरांची वस्ती सेंट्रल फिन्सबरीत आली. १९१८ च्या फेररचनेत हा मतदारसंघही गेला. आत्याच्या गावातही सरपंचाला न जुमानणारी एक आळी होती. तिला मिळालेली बहुतेक मते तिथलीच.

वक्ते वयस्कर होते, उन्हातून आले होते, त्यांच्यावर राग धरून काय करू? दादाभाईंच्याही आधी, १८४१ मध्ये, हिंदी वंशाचे डाइस सोंबर इंग्लंडमधल्या सडबरीतून निवडून आले होते हे मान्य. पण लाचखोरीमुळे ती निवडणूकच रद्द झाली.

आता १८९५ चे पाहा. त्याच फिन्सबरीने उदारमतवादी (लिबरल) पक्षाच्या दादाभाईंना पाडले आणि त्याच निवडणुकीत लंडनच्याच बेथनल ग्रीनमधून विरुद्ध बाजूच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे मंचेरजी भावनगरी, तेही हिंदीच, निवडून आले. वारा हुजूर पक्षाचा होता. मोठे मन एका वस्तीत आटले आणि दुसरीत उफाळले, असे मानायला माझी तयारी नाही.