‘युनिस्वॅप सगळ्यांना 400 टोकन फुकट देतंय’ : खरं किती, खोटं किती?

‘युनिस्वॅप सगळ्यांना 400 युनी टोकन देतंय, लिंकवर जाऊन वॉलेट जोडा, आजच शेवटचा दिवस’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतो आहे. युनिस्वॅप म्हणजे क्रिप्टो टोकनांची अदलाबदल करायची ऑनलाइन सेवा, युनी हे तिचं टोकन, आणि वॉलेट म्हणजे क्रिप्टो सांभाळायचं अ‍ॅप. यातला 400 चा आकडा तेवढा खरा, पण तो सप्टेंबर 2020 चा. 1 सप्टेंबर 2020 पूर्वी ज्या वॉलेटांतून युनिस्वॅप वापरलं गेलं होतं, त्यांनाच ते टोकन मिळाले. काही दिवसांतच त्या 400 टोकनांची मिळून किंमत हजार डॉलरच्या वर गेली. म्हणूनच ही जुनी गोष्ट आजही आमिष म्हणून चालते.

एअरड्रॉपसाठी, म्हणजे अशा फुकट टोकनवाटपासाठी, सहसा आधीच्या एखाद्या तारखेपर्यंतचे व्यवहार बघतात. मेसेज वाचून आज वॉलेट उघडलं तर त्या यादीत नाव कुठून येणार? टोकन घेताना नेटवर्कची फी, म्हणजे गॅस, द्यावी लागते. पण ती वॉलेटातूनच कापली जाते. कुणाच्या यूपीआयवर ‘प्रोसेसिंग’चे पाचशे रुपये मागितले तर सरळ ब्लॉक करा.

खरा धोका सहीचा, म्हणजे वॉलेटातून दिलेल्या मंजुरीचा आहे. जुलै 2022 मध्ये सत्तर हजारांहून जास्त वॉलेटांत युनिस्वॅपच्या नावाने बनावट टोकन येऊन पडले. ते ‘बदलून घ्यायला’ गेलेल्यांनी खोट्या साइटवर मंजुरीचं बटण दाबलं, आणि चोरांनी सुमारे 80 लाख डॉलर लांबवले. बारा शब्दांचा सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची गुप्त चावी, तर कुठलाच खरा एअरड्रॉप मागत नाही.

‘फुकटच्या टोकनवर कर नाही’ हेही चूक. भारतात ते विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के कर लागतो, वर सेस.