हेल्मेटमधल्या उवा

मागच्या आठवड्यात एका काव्यवाचनाला गेले होते. कुठल्या ते सांगत नाही, संयोजक फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. एका तरुण कवीच्या कवितेत छत्री बाळंत होत होती, रेल्वेचे रूळ दूध पीत होते आणि चंद्र कुणाच्या तरी खिशात वितळत होता. कविता संपली तसे सूत्रसंचालक माईकवर म्हणाले, "वा! काय सर्रियल आहे!" टाळ्या पडल्या. शेजारचे एक काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "सर्रियल म्हणजे आपल्याला कळलं नाही तरी चालतं, असंच ना हो?"

तेवढ्यात चहा आला आणि उत्तर राहून गेलं. परतताना लोकलमध्ये डोक्यात तेच घोळत होतं. ते इथे लिहून टाकतेय. पोस्ट लांब आहे, वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

काकांना मला उवांची गोष्ट सांगायची होती.

ऑक्टोबर १९४४. बेलग्रेड शहर जर्मनांच्या हातून नुकतंच सुटलंय. सहा वर्षांचा एक मुलगा बाहेर भटकताना मरून पडलेल्या एका जर्मन सैनिकाचं हेल्मेट उचलतो आणि ऐटीत डोक्यावर घालून घरी येतो. हेल्मेट उवांनी भरलेलं. त्या पोराच्या केसांत उवाच उवा.

हे कुणाच्या कवितेत वाचलं असतं तर आपण म्हटलं असतं, काय प्रतिमा आहे! मेलेल्याच्या डोक्यावरून जिवंत डोक्यावर स्थलांतर करणाऱ्या उवा! पण ही प्रतिमा नाही. हे घडलेलं आहे. तो मुलगा म्हणजे दुशान सिमिच. पुढे अमेरिकेत जाऊन तो चार्ल्स सिमिक झाला आणि इंग्रजीतला एक मोठा कवी ठरला. जानेवारी २०२३ मध्ये, ८४ व्या वर्षी वारला. त्याच्याबद्दल कुठेही वाचा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'अतिवास्तववादाचा प्रभाव' (म्हणजे तेच, सर्रियल) हे शब्द येतातच. माझं भांडण या शब्दांशी आहे.

त्याचा जन्म ९ मे १९३८ चा. ६ एप्रिल १९४१ ला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. समोरच्या इमारतीवर बॉम्ब पडला आणि हे पोर झोपेतच पलंगावरून उडून खाली पडलं. माणसाची पहिली आठवण ही असावी! आपल्या पहिल्या आठवणी बघा. माझी, आजीच्या नऊवारीचा काष्टा धरून विहिरीपर्यंत जाण्याची.

ज्या दिवशी तो सात वर्षांचा झाला, त्याच दिवशी युरोपातलं युद्ध संपलं. हा रस्त्यावर खेळत होता, तहान लागली म्हणून वर गेला. आई आणि शेजारी रेडिओला कान लावून बसले होते. युद्ध संपलं, असं कुणीतरी म्हटल्यावर हा म्हणाला, आता मजाच संपली! ढिगाऱ्यांत हुंदडणं, सापडलेल्या काडतुसांची दारू काढून पोरापोरांत तिचे सौदे करणं, एवढंच त्याला ठाऊक असलेलं बालपण. ही भीषणता आणि ही मजा त्याच्या कवितेत एकाच ओळीत येतात, आणि कोणती कुठली ते निवडता येत नाही. याला शैली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याची बुद्धिबळावर एक कविता आहे. सरळ, कुणालाही कळेल अशी. ज्या वर्षी तो बुद्धिबळ शिकला त्या वर्षी शहरात माणसांना टेलिफोनच्या खांबांवर लटकवलेलं असायचं. आई त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्याचं डोकं झटकन आपल्या ओव्हरकोटाखाली ओढून घ्यायची. ती लटकलेली माणसं तू पाहिलीस असं लोक सांगतात, पण त्याचा त्यावर विश्वास बसत नाही; आईची पट्टी मात्र त्याला आठवते. कवितेत अलंकार शोधूनही सापडत नाही. त्या कोटाखालचा अंधार मात्र त्याच्या पुढच्या पन्नास-साठ वर्षांच्या लिखाणात सगळीकडे आहे. त्याला जन्मभर झोपेचा त्रास होता. रात्रीची हॉटेलं, रिकामे रस्ते, बंद दुकानांतले पुतळे हे सगळं त्या जागरणांतून आलेलं.

वडील १९४४ मध्येच देश सोडून गेले होते. आई आणि मुलं १९५३ मध्ये कशीबशी पॅरिसला पोचली, तिथे वर्षभर थांबली आणि १९५४ मध्ये बोटीने न्यूयॉर्कला. दहा वर्षांनी बाप भेटला. आपले ट्रॅव्हल एजंट हिटलर आणि स्टालिन होते, असं तो म्हणायचा. शाळेतच इंग्रजीत कविता लिहायला लागला. सर्बियनमध्ये का नाही, याचं त्याचं कारण मला फार आवडतं: कविता ऐकवून पोरगी पटवायची तर तिला ती कळली तरी पाहिजे! कोकाकोला पिता पिता सर्बियन प्रेमकविता ऐकणारी अमेरिकन मुलगी कुठून मिळणार?

(काका, बघा. आपल्याकडे ज्याला 'न कळणारा' म्हणतात तो कवी कळण्यासाठीच इंग्रजीत लिहायला लागला.)

मग शर्ट विकणं, घरं रंगवणं, पुस्तकांच्या दुकानात नोकरी, लष्करात दोन वर्षं. लष्करात असताना भावाकडून आपल्या जुन्या कवितांची बाडं मागवली, वाचली आणि लाज वाटून सगळी फाडून टाकली. पुढचे टप्पे भरभर सांगते: १९६७ मध्ये पहिलं पुस्तक, १९७३ पासून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवणं, १९९० मध्ये पुलित्झर, २००७ मध्ये अमेरिकेचा राजकवी. पुलित्झर मिळालं ते गद्य कवितांच्या पुस्तकाला. त्यावर तिकडे बरीच कुरकुर झाली, की ओळी न तोडलेल्या मजकुराला कवितेचं बक्षीस कसलं? ही कुरकुर आपल्याला नवी नाही. आपण मुक्तछंदावरसुद्धा अजून भांडतोच.

त्याच पुस्तकात आई म्हणजे काळ्या धुराची वेणी आहे, आणि ती जळत्या शहरांवरून बाळाला दुपट्यात गुंडाळून नेते आहे. घ्या, ही अतिवास्तव प्रतिमा. आता त्यातलं काय खोटं आहे ते मला सांगा. शहर जळत होतं. धूर होता. आई होती, आणि ती त्याला उचलून पळत होती. तीन वर्षांच्या मुलाने हे पाहिलं तर त्याला वेणी कुठे संपते आणि धूर कुठे सुरू होतो हे कळणार आहे का?

मुळात हा 'अतिवास्तव' आला कुठून? आपण समजतो पॅरिसच्या कॅफेत बसलेल्या रिकामटेकड्यांनी काढलेलं ते खूळ आहे. त्या कंपूचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ मूळचा वैद्यकीय विद्यार्थी. १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, तो मेंदूवर परिणाम झालेल्या सैनिकांच्या इस्पितळात काम करत होता. तिथे त्याला एक सैनिक भेटला, ज्याची खात्रीच होती की हे युद्ध नाटकातलं आहे: जखमा रंगवलेल्या, प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयातून आणून मांडलेली. ब्रेताँचा जाहीरनामा आला १९२४ मध्ये. आधी इस्पितळ, मग कॅफे. हा क्रम आपण विसरतो.

बेलग्रेडमध्येही १९३० च्या आसपास अतिवास्तववाद्यांचा एक गट होता. त्यातला कोचा पोपोविच नावाचा कवी स्पेनच्या यादवीत लढला, मग डोंगरात जाऊन जर्मनांशी लढला, पुढे युगोस्लाव्ह सैन्याचा प्रमुख झाला आणि नंतर परराष्ट्रमंत्री! आपल्या एखाद्या लघुअनियतकालिकवाल्या कवीला सेनापतीच्या गणवेशात डोळ्यांसमोर आणून बघा. मी आणला. रात्रभर हसत होते.

सिमिकला विचारलं तर तो स्वतःला वास्तववादीच म्हणवायचा. अमेरिकेसारख्या देशात, जिथे लाखो लोक उडत्या तबकडीत बसून फिरून आल्याचं सांगतात, तिथे अतिवास्तववाद काय कामाचा, असं त्याचं म्हणणं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी इतकं लिहिलं.

१९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सिमिक रिचर्ड ह्यूगो या कवीबरोबर एका रेस्टॉरंटमध्ये बसला होता. बोलता बोलता बेलग्रेडचा विषय निघाला. ह्यूगो म्हणाला, बेलग्रेड ना, मला नीट माहितीय. आणि टेबलक्लॉथवर, पावाचा चुरा आणि वाइनचे डाग यांच्या मधे, त्याने शहराचा नकाशा काढून दाखवला. हे मुख्य पोस्ट ऑफिस, हे डॅन्यूब आणि सावा नद्यांवरचे पूल. सिमिकला वाटलं हा तिकडे फिरायला गेला असेल. विचारलं, किती दिवस होतास? ह्यूगो म्हणाला, मी कधीच गेलो नाही. मी फक्त दोन-चार वेळा बॉम्ब टाकले.

ह्यूगो युद्धात अमेरिकन विमानांतून बॉम्ब टाकणारा होता. १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांनीही बेलग्रेडवर बॉम्ब टाकले, जर्मन तिथे होते म्हणून. सिमिकच्या तोंडून निघून गेलं, अरे, तेव्हा मी खाली होतो! ह्यूगो हादरला. माफी मागत राहिला. सिमिकच उलट त्याची समजूत घालत होता. आणि मग त्याने कुतूहलाने विचारलं, की तुमचे बॉम्ब गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कचेरीवर कधीच कसे पडले नाहीत? ह्यूगोने सांगितलं ते असं: विमानं इटलीहून निघायची, रोमानियातल्या तेलविहिरींवर हल्ला करायची, तिथे दर खेपेला एखाददुसरं विमान गमवायची आणि परतताना उरलेले बॉम्ब बेलग्रेडवर टाकायची. कुणी जोखीम घेत नव्हतं. खूप उंचावरून, जमेल तसे टाकून मोकळे व्हायचे. सगळ्यांना संध्याकाळच्या आत इटलीतला समुद्रकिनारा गाठायचा असायचा.

उरलेले बॉम्ब. आपण उरलेली पोळी गाईला घालतो तसे.

ह्यूगोने नंतर सिमिकला उद्देशून पत्राच्या रूपात एक कविता लिहिली. मला मात्र त्या टेबलक्लॉथचं काय झालं याचीच उत्सुकता जास्त. वेटरने झटकून धुवायला टाकला असणार. एका शहराचा नकाशा, चुऱ्यासकट.

इथे मला कोलटकरांची 'तक्ता' ही कविता आठवतेच. अननस, आई, इजार, ईडलिंबू. शाळेच्या भिंतीवरची आपापल्या चौकोनातली गुणी चित्रं बघता बघता अंगावर कधी येतात ते कळत नाही. त्यात एकही वस्तू अद्भुत नाही. सगळं पहिलीच्या वर्गातलं.

सिमिकचंही तसंच. सुरुवातीला तो काटा, चमचा, सुरी यांवरच लिहायचा. एका संपादकाने कविता परत पाठवताना लिहिलं, तुम्ही समजूतदार तरुण दिसता, मग सुऱ्या-चमच्यांवर वेळ का वाया घालवता? त्यातली काट्यावरची छोटीशी कविता मी तीन महिने मराठीत आणायचा प्रयत्न करतेय. ही वस्तू नरकातून सरपटत आली असावी, असं तो म्हणतो. नरभक्षकाच्या गळ्यात अडकवलेल्या पक्ष्याच्या पायासारखी ती दिसते. ती हातात धरून तुम्ही मांसात खुपसता, तेव्हा उरलेला पक्षीही दिसायला लागतो. त्याचं डोकं तुमच्या मुठीसारखं: मोठं, टकलं, बिनचोचीचं, आंधळं.

अडचण पहिल्याच शब्दाला. मराठीत आपण म्हणतो काटा. बाभळीचाही काटाच, घड्याळाचाही, तराजूचाही, माशातलाही. आणि अंगावर येतो तोही. इंग्रजीत ते एक थंड हत्यार आहे, मराठीत शब्द उच्चारला की पाच वस्तू एकदम उठून बसतात. 'काटाचमचा' म्हटलं तर लग्नाच्या बुफेची आठवण होते. शिवाय आपण जेवतो हाताने, काटा आपल्याकडे हॉटेलात भेटतो. सिमिकला रोजच्या वापरातली वस्तू अनोळखी करून दाखवायची आहे, आणि आमच्या घरी ती आधीपासूनच अनोळखी!

दुसरी एक चार ओळींची कविता कलिंगडांवर आहे. फळांच्या गाडीवर बसलेले हिरवे बुद्ध. आपण त्यांचं हसू खातो आणि दात थुंकतो. ही मी मराठीत करून नागपूरच्या मैत्रिणीला पाठवली. तिच्या घरात हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी आहेत. तिने दिवसभर उत्तर दिलं नाही, मी धास्तावले. रात्री मेसेज आला: "अमेरिकेत बुद्ध म्हणजे शोपीस, म्हणून त्याला सुचलं. माझ्या आईला वाचून दाखवणार नाही. पण दात बरोबर आहेत, बिया तशाच दिसतात." इतकं नेमकं परीक्षण मी एकाही पुरवणीत वाचलेलं नाही. ती कविता मी वहीतच ठेवली.

काट्याची मात्र सोडवत नाही. काल रात्री जेवताना मुद्दाम स्टीलचा काटा घेऊन बसले आणि बटाट्याच्या फोडीत खुपसला. वर माझी मूठ. मोठी, टकली, बिनचोचीची, इथपर्यंत हसू येत होतं. 'आंधळं' पाशी आले आणि ओव्हरकोटाखाली दाबलेलं ते डोकं आठवलं. नवऱ्याने विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का?

असो. काट्याला दुसरा शब्द कुणाला सुचत असेल तर सांगा. 'फोर्क' सुचवू नका, तो मलाही येतो.