अकरा मिनिटांत 'बिग ओ' पाहणाऱ्यांना साष्टांग

आज ताई आणि भाचा जेवायला आले होते. जेवताना मी मोठ्या उत्साहात म्हटलं, "तुला 'द बिग ओ' दाखवतो आज. आमच्या वेळची जपानी कार्टून मालिका." मोबाईलमधून मान वर न करता तो म्हणाला, "पाहिलीये रे मामा. शेवटाला काही अर्थच नाही." कधी पाहिलीस? तर अकरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिलाय, 'शेवट समजून घ्या' छापाचा. तोही दीडपट वेगाने! माझ्या वाटीतला रस्सा तसाच राहिला.

आंबा बाजूला ठेवायचा, कोय फोडायची आणि म्हणायचं, कडू आहे.

मालिका सनराइज स्टुडिओची, 1999 सालची. पॅराडाइम सिटीतल्या सगळ्यांची स्मृती चाळीस वर्षांपूर्वी पुसली गेलीय. श्रीमंत लोक घुमटांखाली राहतात, बाकीचे बाहेर पडक्या इमारतींत. रॉजर स्मिथ हा निगोशिएटर, म्हणजे पैसे घेऊन मध्यस्थी करणारा. काळा सूट, काळी गाडी, आणि त्याच्या घरात राहायचं तर काळंच घालायचं हा नियम. मनगटावरच्या घड्याळात हाक मारली की जमिनीखालून त्याचा अजस्र रोबोट, बिग ओ, वर येतो. तो ठोसा मारतो तेव्हा कोपरामागचा दांडा आधी सावकाश मागे सरकतो. मग धाडकन आत. दीडपट वेगात तो 'सावकाश'च गेला ना, बाळा!

2002 साली पुण्यात हॉस्टेलवर आम्ही तिघांनी ही एका रूममेटच्या कॉम्प्युटरवर पाहिली. त्याच्या चुलतभावाने अमेरिकेहून सीडी आणल्या होत्या. तेरावा भाग संपतो तिथे समुद्रातून तीन अजस्र रोबोट शहराकडे येत असतात, रॉजर बिग ओला हाक मारतो, आणि... संपलं. आम्हाला वाटलं, भावाने शेवटची सीडी ढापली. रूममेट एसटीडी बूथवर जाऊन त्याला अर्धा तास शिव्या घालून आला. बिचाऱ्याचा दोष नव्हता. 26 भाग ठरले होते, जपानात प्रेक्षक मिळेनात म्हणून 13 वरच गाडी थांबवली होती. पुढचे 13 आले 2003 मध्ये, तेही अमेरिकेत लोकांना आवडली म्हणून, कार्टून नेटवर्कने हात दिला तेव्हा.

मग त्या आठवड्यात रोज रात्री गच्चीवर आम्हीच शेवट रचला. रूममेट म्हणाला होता, शहराची स्मृती कुणी पुसलीच नाही. सगळ्यांनी मिळून विसरायचं ठरवलं, आणि तेवढंच विसरले. आजही तो शेवट आठवला की काटा येतो.

बरं, दोष आहेत. मध्यस्थाची मध्यस्थी दर भागात फिसकटते आणि शेवटची पाच मिनिटं हाणामारी येतेच. कधीकधी वाटतं, पडक्या घरांतल्या गुप्तहेरकथेला खेळण्याच्या दुकानातून कुणीतरी रोबोट आणून चिकटवलाय. आणि दुसऱ्या पर्वात प्रश्नांवर प्रश्न. उत्तर विचारलं की अजून एक रोबोट! आकाशात नाटकाचे दिवे लटकलेले दिसतात, शहर म्हणजे जणू रंगमंच, आणि रॉजरच्या वाटेत सारखी येणारी ती गूढ बाई, एंजल, पडद्यांसमोर बसून सगळं बघतेय. 2009 मध्ये मी हे पाहिलं आणि पहिला विचार आला, आमच्या रूममेटचा शेवट बरा होता की!

पण 'फार खोल आहे, तुम्हाला कळला नाही' म्हणणारेही नकोत मला. त्यांनी तर जास्त डोकं उठवलंय. गोंधळाला गोंधळ म्हणा ना! तरी एक गोष्ट त्याच गोंधळात आहे. सगळं जग पुसलं जात असताना रॉजर शेवटी ठोसा मारत नाही. तो एंजलशी बोलतो. सव्वीस भागांत धड न जमलेली मध्यस्थी तिथे करतो. हे अकरा मिनिटांच्या व्हिडिओत होतं का रे?

आणि डोरोथी. मेलेल्या मुलीच्या रूपात घडवलेला यंत्रमानव, चेहऱ्यावर रेष हलत नाही. रॉजर दुपारपर्यंत लोळतो म्हणून ती पियानो बडवून त्याला उठवते. सूर बरोबर, जीव शून्य. रॉजर वैतागलेला, डोरोथी ढिम्म. एवढ्यासाठी मी सगळे भाग परत बघेन.

भाच्यावर जरा जास्तच ओरडलो बहुतेक. ताईने डोळे वटारले. तो जाताना दारात म्हणाला, "पहिला भाग पाठव. पण बोअर झालं तर बंद करीन." कर बाबा.

तो गेल्यावर रूममेटला मेसेज केला, आता बडोद्याला असतो. तुझा 'बिग ओ'चा शेवट आठवतो का रे? तासाभराने उत्तर आलं. "शेवट नाही आठवत. सीडीवरून दादाला शिव्या घातल्या होत्या ते आठवतं, दोन वर्षं बोलला नव्हता माझ्याशी. काय म्हणालो होतो मी?"

लिहून पाठवलं सगळं.

"हे मी म्हणालो होतो? भारीये की!"