पुन्हा तेच लाल डोळे!

तिसऱ्यांदा फसलो. रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेल किटच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘भारतीय टी-९०’, वर तिरंगा, वाळवंटी रंग. फोंड्याला घरी आणून उघडलं, तर आत निव्वळ रशियन रणगाडा. तोफेच्या दोन्ही बाजूंना ते श्तोराचे, म्हणजे येणारी क्षेपणास्त्रं चकवणाऱ्या रशियन यंत्रणेचे, चौकोनी दिवे, लाल डोळ्यांसारखे. आपल्या भीष्मवर, म्हणजे भारतीय टी-९०वर, ते नाहीतच! तिथे चिलखती विटा आहेत, आणि त्यांचे सुटे भाग डब्यात शोधून सापडत नाहीत. म्हणजे तिरंग्याचे चार डेकल (चिकटवायची चित्रं) टाकले की झाला भारतीय?

१:३५ प्रमाणात तोफेसकट जेमतेम सत्तावीस सेंटिमीटरची वस्तू. पण ज्याला बुरुजाचा कोन न् कोन पाठ आहे, त्याला एक चुकीची वीट रात्रभर टोचते. मग पुट्टी भरा, कानस मारा, प्लास्टिकच्या पत्र्यातून विटा कापा. गोव्यातल्या पावसात पुट्टी लवकर सुकतही नाही.

आपल्या अर्जुन रणगाड्याचं मॉडेल हवं म्हटलं, तर म्हापशाचा दुकानदार म्हणाला, “बाब, लेपर्ड घे, तसोच दिसता.” जर्मन लेपर्ड तसोच कसो? दोघांनाही बाजूला सात-सात चाकं आहेत हे खरं, पण अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ आतून खाचांची, लेपर्ड-२ची गुळगुळीत. बुरुजाची ठेवण तर साफ वेगळी.

डब्यावर आतल्या सुट्या भागांचा खरा फोटो छापायला किती शाई लागते? पैसे मी अचूक भीष्मचे मोजले होते.