उंबरा, चौकट आणि शेव्हर्ले

आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या पातीनं रस्त्याकडचं रान घेतलं, धाकट्या पातीनं विहीर घेतली आणि ‘ह्याला यंत्रांची आवड आहे’ असं म्हणून सगळ्यांनी एकमतानं मला आजोबांची गाडी दिली. आमच्या भावकीत एकमतानं झालेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट. यंत्रांची आवड म्हणजे काय, तर आठवीत असताना मी एक टेबलफॅन उघडला होता. तो अजून उघडाच आहे.

गाडी म्हणजे १९२८ ची शेव्हर्ले नॅशनल. चार दारांची, बिनछपराची टूरर. ऊन-पावसापुरतं कापडी हूड ओढून घ्यायचं, एरवी उघडं. शेव्हर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला तोही याच साली. लगेच पुढच्या वर्षीची शेव्हर्ले आली ती सहा सिलिंडरची, आणि तिची जाहिरातच होती ‘चारच्या किमतीत सहा’. आजोबांनी चारची घेतली ती त्याच्या जरा आधी. खरेदीचा असा मुहूर्त साधणं आमच्या रक्तातच आहे. सोनं उतरायच्या आदल्या दिवशी आम्ही हमखास सराफकट्ट्यावर सापडतो.

लोकांना वाटतं, जुन्या गाडीत खरी डोकेदुखी इंजिनाची. कोल्हापूरच्या माणसाला इंजिनाची भीती घालू नये. उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपात नमुना घेऊन जा, माणूस तो हातात उलटासुलटा करतो, ‘कशाचं हाय?’ एवढंही विचारत नाही आणि लेथ सुरू करतो. बेअरिंगचं व्हाइट मेटल ओतून झालं, रिंगा बसल्या, आणि बॉडी उतरवलेल्या नुसत्या चॅसीवर फळी टाकून आम्ही गल्लीत एक फेरीही मारली. पेढे वाटले. मग बॉडीकडे वळलो.

त्या काळच्या बऱ्याच गाड्या दिसायला पत्र्याच्या आणि असायला लाकडाच्या. आत लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा खिळ्यांनी ठोकलेला. बंद गाडीला निदान छप्पर तरी धरून ठेवतं. उघड्या टूररला वर काहीच नाही. दारं, बिजागऱ्या, पुढची काच, सगळ्यांचा भार खालच्या दोन लांब लाकडांवर आणि त्यांतून उठणाऱ्या खांबांवर. ती लाकडं गेली की एका चाकाला जॅक लावला तरी पलीकडचं दार आपणहून उघडतं आणि मग कुणाच्या बापाला लागत नाही.

मागच्या उजव्या दाराजवळचा पत्रा मी पक्कडीनं सोलला. पत्र्याची कड लाकडाभोवती वळवून बारीक खिळे मारलेले. खिळे गंजून फुगले, त्यांनी लाकडाला चिरा पाडल्या, चिरांतून पाणी शिरलं आणि पाण्यामागून वाळवी. स्क्रूड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. आत कॉफीच्या रंगाचा भुगा, आणि त्याभोवती कागदासारखी एक साल, जिला केवळ सवयीनं खांबाचा आकार उरलेला. मग इतकी वर्षं दार उभं होतं कशावर? रंगावर. दर दसऱ्याला घरातल्या कुणी ना कुणी ऑइलपेंटचा हात मारलेला होता, त्या थरांवर. आत काही शिल्लक नसताना नुसत्या रंगावर उभी असलेली वस्तू मी सहकार क्षेत्राबाहेर प्रथमच पाहत होतो.

यातली मेख अशी, की हे कुजलेलं लाकूड टाकायचं नसतं. नकाशे कुणाकडे नाहीत, मापं कुणाकडे नाहीत. नमुना म्हणून जे काही आहे ते हेच. म्हणून एकेक तुकडा उचलायचा, पातळ फेविकॉल पाजून घट्ट करायचा, दोऱ्यानं बांधायचा आणि त्यावरून नवा कापायचा. मी हे सगळं शास्त्रशुद्ध केलं. तुकड्यांवर खडूनं नंबर घातले आणि सगळे पोत्यात भरून परड्यात ठेवले.

“आई, इथलं पोतं कुठं गेलं?”

“कुठलं? जळणाचं? संपलं की ते. सकाळी पाणी कसं कढत होतं, सांग बरं.”

कढत होतं खरं. मागच्या उजव्या दाराच्या खांबावर मी अंघोळ केली होती.

“अगं, नंबर घातले होते त्यावर!”

“मला वाटलं वखारवाल्यानं घातलेत,” आई म्हणाली. “आणि चांगलं नव्हतंच ते जळण. नुसता धूर.”

मग तात्या सुतार आले. उमेदीची सगळी वर्षं बैलगाड्या करण्यात गेलेली. बैलगाड्या संपल्या तसे देव्हाऱ्यांकडे वळलेले. इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकले आणि म्हणाले, “ही गाडी न्हवं सायेब. ही चौकट हाय, खाली चाकं लावलेली.” तेव्हापासून खालचं लांब लाकूड म्हणजे उंबरा, आणि मी शिकून आलेली सगळी इंग्रजी नावं बाद. पहिला नवा उंबरा बसला त्या दिवशी त्यांनी आईकडून हळदकुंकू मागून घेतलं.

“तात्या, उजवा खांब जळला. डाव्यावरून उजवा करता येईल?”

त्यांनी दोन्ही बाजूंना टेप लावला, परत लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला. “डाव्या-उजव्यात दीड सुताचा फरक हाय की ओ! अमेरिकेतबी आपल्यासारखीच मान्सं हाईत म्हना.” तोवर त्यांना अमेरिकेबद्दल आदर नव्हता.

लाकडावरून आमचे मतभेद झाले. मूळ लाकूड ॲश. ते आपल्याकडे कुठलं? मी कॅटलॉग चाळत बसलो आणि तात्यांनी पाडलेल्या वाड्याची एक सागवानी तुळई परस्पर आणून टाकली. जुनं सागवान सरळ कामाला सोनं, पण ते तेलकट. थिनरनं पुसल्याशिवाय सरस धरत नाही. आणि सहजी वाकत तर नाहीच. हुडाच्या कमानींना त्यांनी ओली बाभूळ काढली. लाकूड वाफेवर वाकवायचं तर जाडीच्या दर इंचाला तासभर वाफ द्यायची असा ठोकताळा आहे. वाफेला लांबट पेटी तात्यांनी केली. बॉयलर? परड्यात आमचा तांब्याचा बंब होताच. ज्यानं खांब खाल्ला त्यानंच कमानी शिजवाव्यात, यात मला न्याय दिसला. आईनं एकच अट घातली, सगळ्यांच्या अंघोळी आधी.

पेटीतून लाकूड काढलं की ते साच्यावर ओढून बसवायला हातात अर्धं मिनिट, जास्तीत जास्त. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बायको, मध्ये तात्या शिकंजा आवळताहेत. “वडा! वडा! वैनी, सोडू नगा!” आणि काडकन आवाज. कमान मधोमध उभी चिरली. कुणी काही बोलायच्या आत न्हाणीच्या दारातून आईचा आवाज आला, “आण ती इकडं.”

मधल्या काळात पुण्याच्या मावसभावाला मुलाच्या वरातीला गाडी हवी झाली. मी त्याला २०२१ चे नियम वाचून दाखवले. पन्नास वर्षांवरच्या अशा गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि गाडी बाहेर काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. धंद्यासाठी वापरायची नाही.

“पण मी भाडं देणारच नाहीये,” तो म्हणाला. “मग धंदा कसला?”

आता सांगाडा पुरा झालाय. सागवानी उंबरे, सागवानी खांब, वर बाभळीच्या कमानी, आणि कुठल्याही सांध्यात नख जात नाही. पत्रा ठोकायला डेंटर येतो आणि तात्या त्याला हात लावू देत नाहीत.

“ह्याच्यावर पत्रा मारनार? मग माजं काम दिसनार कुनाला?”

गेल्या रविवारी ते गावाकडच्या दोन व्याह्यांना घेऊन आले होते. व्याही चपला काढून गाडीजवळ गेले. काल तात्यांनी वार्निशचा डबा आणून ठेवलाय. आई त्यांच्या बाजूची. पत्रा लावला की आत काय चाललंय ते पन्नास वर्षं कळत नाही, असं तिचं म्हणणं. डेंटर येतो, चहा घेतो आणि जातो.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं, निदान वरातीचा विषय तरी मिटेल म्हणून. तो म्हणाला, “पत्रा नसला तरी चालेल रे. वर फुलंच असणार आहेत.”