एक मीटर सिनेमा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मोहल्ल्यात निदान साठ माणसं अशी निघतील, ज्यांनी एक हिंदी सिनेमा चमत्कारिक अवस्थेत पाहिला आहे. नायक सायकलवरून शीळ घालत एका वळणावर येतो, धडधाकट, भांग सुद्धा न विस्कटलेला. पुढच्या क्षणी तो बहिणीच्या साखरपुड्यात पाहुण्यांना सरबत वाटत असतो आणि त्याच्या डोक्याला ही भली मोठी पट्टी! कुणी विचारत नाही, "अरे, काय झालं?" सख्खी आईसुद्धा नाही. ती त्याच्या हातातला ट्रे घेते आणि म्हणते, मुलाकडचे आले.

पट्टी कुठून आली हा प्रश्न मोहल्ल्यात पस्तीस वर्षं चघळला गेला. त्याला कारण आमचं घर. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण त्यात काम केलेल्यांचा काही दोष नव्हता.

१९८९ चा मे महिना. घराजवळ एका जिन्याखाली व्हिडिओ लायब्ररी होती. ती चालवणारा गिऱ्हाइकांना भिया म्हणायचा, गिऱ्हाइकं त्याला भिया म्हणायची, इंदुरात हे असंच. कॅसेटचं भाडं दिवसाला दहा रुपये, रिवाइंड न करता आणली तर दोन रुपये दंड. हवी ती कॅसेट त्याच्याकडे कधीच नसायची. "वो तो बाहर गई है भिया, ये ले जाओ, इसमें भी वोई हीरो है." आणि आम्ही नेत असू. एकदा घरी जाऊन लावली तर हीरो वोई होता, पण पाहुणा कलाकार. तिसऱ्या मिनिटाला मेला.

नव्या सिनेमाची कॅसेट म्हणजे बहुतेकदा थिएटरात बसून चोरून घेतलेली. मध्येच पुढच्या रांगेतलं कुणीतरी उठून पडद्यावरून चालत जायचं, आणि आमची आजी इकडून ओरडायची, "बस रे खाली!" चांगल्या प्रिंटमध्ये खालून जाहिरातीची पट्टी सरकायची. नायिका विष प्यायला लागली की हमखास साड्यांच्या सेलची.

आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. १९८२ च्या आशियाई खेळांनी देशाला रंगीत टीव्ही दाखवला म्हणतात, पण तो रंग आमच्या घरी पोचायला आणखी दहा वर्षं लागली. टीव्ही काळा-पांढरा, आणि व्हीसीआर वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, भाड्याने. बाबा स्कूटर चालवायचे. मी मागे, मांडीवर व्हीसीआर, तो आजीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला. वाटेत ओळखीचे विचारायचे, "काय, गणपती आत्तापासूनच?"

एका रात्रीत तीन सिनेमे असा बेत. आजीसाठी देवाचा, काकांसाठी मारधाडीचा, आईसाठी घरगुती. आजी दहाला झोपते म्हणून देवाचा आधी लावला. साडेबाराला घरगुती सिनेमा ऐन रंगात आला, तेव्हा आजी सगळ्यांत पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली होती आणि झोपलेल्या मुलांना उठवून "अरे बघा की" म्हणत होती. खोलीत पंचवीस-तीस माणसं. खिडकीच्या गजाला बाहेरून लोंबकळणारी चार वेगळीच.

नायक सायकलवरून शीळ घालत वळणावर आला आणि लाईट गेली.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे गॅलरीत जाऊन बघणं, आपलीच गेली की सगळ्यांची. सगळा मोहल्ला अंधारात होता. सगळ्यांना फार बरं वाटलं. अर्ध्या तासाने काका म्हणाले, "बसून काय करायचं? सराफ्यात जाऊ." रात्री एक वाजता भुट्ट्याचा कीस खायला निघायचं, ह्यात इंदूरकराला काही वावगं वाटत नाही. पंधरा जणांची पलटण निघाली. परत आली तेव्हाही लाईट नव्हती. पहाटे पाचला नव्हती. सहाला नव्हती. आणि आठ वाजता व्हीसीआर-कॅसेट परत द्यायची होती, कारण पुढचं बुकिंग एका मुंजीच्या घरचं होतं.

आता ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅसेट व्हीसीआरच्या आत गेली की यंत्र तिची फीत बाहेर ओढतं आणि एका चकचकीत ड्रमभोवती गुंडाळतं. फितीवरचं चित्र वाचणारं 'हेड' त्या ड्रमवरच असतं. कॅसेट बाहेर काढायची तर ती फीत आधी आत घेणारी मोटर फिरायला हवी, आणि मोटर फिरायला लाईट. म्हणजे लाईट गेल्या क्षणी आमचा नायक सायकलसकट त्या ड्रमला मिठी मारून बसलेला होता.

बाबा गणिताचे मास्तर. कुठलीही अडचण पायऱ्या पायऱ्यांनी सोडवली की सुटते, ह्यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी पेचकस मागवला. आजीने बॅटरी धरली. आजीच्या हातातली बॅटरी गरज असेल ती जागा सोडून बाकी सगळीकडे पडायची, मुख्यतः बाबांच्या डोळ्यांत. झाकण निघालं. "काही नाही, नुसती उचलायची आहे," बाबा म्हणाले. त्यांनी नुसती उचलली. कॅसेट वर आली, फीत मागे राहिली, आणि मग कुठेतरी अडकून अशी चुरगळली की आई "अगं बाई" म्हणून खाली बसली.

शिवणाची कात्री आली. माझ्या वह्यांच्या कव्हरांचा सेलोटेप आला. चुरगळलेला तुकडा कापून बाबांनी दोन टोकं जोडली, आणि हे मी अजून विसरलो नाही, कापलेला तुकडा मोजपट्टीने मोजला. बरोबर एक मीटर. गुन्हा करतानाही मोजमाप चोख. उरलेली लोंबती फीत आत कशी घ्यायची ते मी शोधून काढलं: कॅसेटच्या पोटाखाली एक भोक असतं, त्यात पेन्सिल खुपसली की ब्रेक सुटतो आणि चाकं बोटाने फिरतात. बाबांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यात दोनदाच थोपटली, त्यातली ही एक.

स्कूटर लावता लावता ते मला म्हणाले, "विचारलं तर खरं सांगायचं." थोडं थांबून म्हणाले, "विचारलं तर."

भियाने विचारलं ते एकच, "रिवाइंड करके लाए कि नी?" बाबांनी मुकाट्याने दोन रुपये काढून ठेवले.

एक मीटर फीत घरात राहिली. आजीला कुठलीही वस्तू फुकट गेलेली चालत नसे. त्याच दिवशी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तिने फितीचे तुकडे करून चारी बाजूंच्या काठ्यांना बांधले. उन्हात ती फीत अशी चकाकायची आणि वाऱ्यावर अशी फरफरायची, की कावळे समोरच्यांच्या पापडांवर गेले. नायकाच्या आयुष्यातला तो महत्त्वाचा प्रसंग पुढचे पंधरा दिवस आमच्या कुरडया राखत होता.

शेवट पाहायचा राहिला म्हणून मोहल्ल्याने वर्गणी काढून दुसऱ्या आठवड्यात तीच कॅसेट पुन्हा आणली, ह्या खेपेला समोरच्यांकडे. सायकल, शीळ, वळण, एक टचका, आणि पट्टी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबांना खोकला आला.

तिथून वाद सुरू झाला. टॉकीजमध्ये तो सिनेमा आठवडाभरही टिकला नसावा, त्यामुळे साक्षीदार कुणी नाही. काका म्हणाले, खलनायकाच्या माणसांनी गाठला. आजी म्हणाली, बहिणीचं लग्न जमावं म्हणून नवस बोलला असणार आणि पायरीवर डोकं आपटलं असणार. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं मत, सेन्सॉरने कापलं, म्हणजे नक्कीच काहीतरी 'तसलं' होतं. ह्या मतानंतर कॅसेटची मागणी एकदम वाढली. एका दवाखान्यातले कंपाउंडर लांबून बघून म्हणाले, पट्टी चुकीची बांधली आहे, म्हणजे जखम खोटी, म्हणजे नायकच गुन्हेगार. टीव्ही काळा-पांढरा असल्यामुळे पट्टीवरचा डाग रक्ताचा की आयोडीनचा हेही ठरेना. बाबा वर्तमानपत्र वाचत. खरं तर आम्हालाही उत्तर माहीत नव्हतं. तुकडा आमच्याकडे होता, पण तो कावळ्यांनी पाहिला होता.

आणखी एक गोष्ट झाली. त्यानंतर भियाकडून आमच्या घरी आलेल्या प्रत्येक कॅसेटमध्ये चित्रापेक्षा पडद्यावर ठिपक्यांच्या मुंग्याच मुंग्या. आम्ही ट्रॅकिंगचं बटण फिरवून फिरवून गुळगुळीत केलं. आमचं नशीबच तसं, असं समजत राहिलो.

गेल्या महिन्यात आई सुदामानगरला माझ्याकडे राहायला आली होती. रात्री टीव्हीवर काय बघायचं हे ठरवण्यात जेवण आणि त्यानंतरची बडीशेप दोन्ही संपले, आणि अचानक तो सिनेमा समोर आला. मी सरसावून बसलो. सायकल आली. शीळ आली. वळण आलं. नायक सायकल लावतो, अर्ध्या उघडलेल्या दुकानात वाकून शिरतो, बहिणीसाठी बांगड्या घेतो, आणि बाहेर पडताना शटरवर डोकं आपटतो. बस्स. दुकानदार पट्टी बांधतो. कंपाउंडर बरोबर होते.

"हे नव्हतं," आई म्हणाली.

"अगं, हेच तर आपण कापलेलं."

"छे. हे यांनी नंतर घातलंय."

काकांना फोन केला. चौऱ्याऐंशी वर्षांचे काका शांतपणे ऐकून म्हणाले, "शटर? आपल्या सिनेमात शटर नव्हतं." आणि फोन ठेवला.

मी मात्र बाबांचा मुलगा. वळणापासून सरबतापर्यंतचा वेळ मोबाईलवर मोजला: ६८ सेकंद. व्हीएचएसची फीत आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे एका मीटरला साधारण ४३ सेकंद. उरलेले २५ सेकंद कुठे गेले? २५ सेकंद म्हणजे जवळजवळ ५८ सेंटिमीटर. सेलोटेपखाली एवढं दबत नाही. जोड तपासावा तर कॅसेट नाही, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये तो बनवणंही थांबवलं. राहता राहिला साक्षीदार एकच.

भिया त्याच जिन्याखाली बसतो. आता फोटोकॉपी, मोबाईल रिचार्ज, आधारचं लॅमिनेशन. केस पांढरे. मी पस्तीस वर्षांचं ओझं एका दमात त्याच्या काउंटरवर ठेवलं. तो लॅमिनेशन करत राहिला.

"सेलोटेप लगाया था तुम्हारे पिताजी ने," तो म्हणाला. "अंदर ड्रम एक सेकंड में पच्चीस चक्कर घूमता है. गोंद लगा कि हेड गया. मेरा गया."

म्हणून परत आलेली प्रत्येक कॅसेट तो आधी बोटाखालून सोडून बघायचा. जोड हाताला लागला की दोन्हीकडची सुरकुतलेली फीत कापायची आणि मागच्या बाजूने नीट पट्टी लावायची. ५८ सेंटिमीटरचा हिशोब लागला. वहीत आमच्या नावापुढे लाल टिंब होतं. मुंग्यांचाही लागला.

"हेडचे पैसे सांगा," मी म्हणालो.

त्याने हात हलवला. "अरे भिया, सभी काटते थे. पूरी पिक्चर तो इंदौर में किसी ने नी देखी."

मला एकदम आठवलं. परवा इंटरव्हलनंतर एक गाणंही लागलं होतं, तळ्याकाठचं. ते आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. मी त्याला विचारलं.

"वो गाना मल्हारगंज में गया," तो लगेच म्हणाला. मग लॅमिनेशन उलटं करून बघत त्याने विचारलं, "तुम्हारे वाले टुकड़े का क्या किया था?"

मी आजी, कुरडया आणि कावळ्यांचं सांगितलं. त्याने मान डोलावली.

"हओ. हमारी छत पे पूरा मल्हारगंज बँधा था."