“गुरू म्हणजे नुसता पांढरा ठिपका” या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू आणि सोबतचे दोन्ही फोटो मी नीट पाहिले. तुमच्या तक्रारी अशा: आमच्याकडून घेतलेल्या १५० मिमीच्या दुर्बिणीला मोबाईल लावला तर गुरू नुसता पांढरा ठिपका दिसतो, शनीची कडी म्हणजे एक बारीक रेघ येते, आमच्या पेजवरचे ग्रहांचे फोटो ‘कॉम्प्युटरवर बनवलेले’ आहेत आणि आम्ही दुर्बीण परत घेत नाही. एवढ्या हौसेने घेतलेल्या वस्तूतून असं दिसलं की चीड येणारच. पण तुमच्याच फोटोंवरून सांगतो, दुर्बीण चांगली आहे.

पहिला फोटो मोठा करून बघा. पांढऱ्या गोळ्याच्या डावीकडे एका रेषेत तीन ठिपके आहेत. त्यांना तुम्ही ‘लेन्सवरची घाण’ म्हटलंय. ते गुरूचे चंद्र आहेत, गॅलिलिओला १६१० साली दिसलेल्या चौघांपैकी तिघे. तिन्ही ठिपके बारीक आणि गोल आहेत. आरसे जागेवरून हलले असते तर ते एकाच बाजूला पसरलेले दिसले असते. म्हणजे कॉलिमेशन (आरशांची जुळणी) ठीक आहे, फोकसही जवळपास बरोबर आहे. बिघडलंय ते एक्स्पोजर. मोबाईलला बहुतेक काळं आकाशच दिसतं, म्हणून तो आपणहून उजेड वाढवत नेतो. फिकट चंद्र उमटतात तोवर गुरू जळून पांढरा झालेला असतो. स्क्रीनवर गुरूवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. चंद्र दिसेनासे होतील आणि त्याच वेळी गुरूवरचे दोन तपकिरी पट्टे वर येतील.

शनीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे तुमच्या दुर्बिणीने अगदी खरं तेच दाखवलंय. शनीची कडी आपल्याला कायम सारखी उघडी दिसत नाहीत. त्याच्या साधारण साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेत दोनदा ती आपल्याला नेमकी कडेच्या बाजूने दिसतात. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली, म्हणून त्या सुमाराला रेघच दिसते. १६१२ मध्ये हीच कडी गॅलिलिओच्या दुर्बिणीतून नाहीशी झाली होती आणि तोही गोंधळला होता. खोक्यावरचा फोटो कडी पूर्ण उघडी असतानाचा आहे, तशी ती २०१७ मध्ये होती आणि २०३२ च्या आसपास पुन्हा होतील. दर वर्षी थोडी थोडी उघडत जातील, ते बघण्यातही मोठा आनंद आहे.

आता ‘बनवलेल्या’ फोटोंबद्दल. आमच्या पेजवरचे फोटो ग्राहकांनी तुमच्याच मॉडेलने काढलेत. मात्र त्यातला एकही फोटो एका क्लिकचा नाही, आणि हे मी दुर्बीण घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गुरू आकाशात जेमतेम ४५ विकलांचा असतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). पूर्ण चंद्राच्या व्यासात असे चाळीस गुरू एका ओळीत मावतील. तुमच्या दुर्बिणीचं फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर) ७५० मिमी, त्यामुळे २.९ मायक्रॉन पिक्सेलच्या प्लॅनेटरी कॅमेऱ्यावर गुरू फक्त ५६ पिक्सेल रुंद पडतो. प्रतिमा तीनपट मोठी करणारी बार्लो लेन्स लावली की १७० च्या आसपास जातो. याहून ताणण्यात अर्थ नाही, कारण १५० मिमीच्या आरशाला पाऊण विकलेहून बारीक काही वेगळं दिसतच नाही. खोक्यावर छापलेली शेकडो पटींची वर्धनं मला मुळीच आवडत नाहीत. कंपनी ती छापते, आम्ही ती सांगून दुर्बीण विकत नाही.

आणि मध्ये हवा आहे. वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं जसं हलतं, तसा ग्रह हलतो. पण अधूनमधून सेकंदाच्या छोट्याशा भागापुरती हवा स्थिर होते. म्हणून फोटो न काढता व्हिडिओ घ्यायचा. फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत हजारो फ्रेम मिळतात. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे फार लांबवलं तर त्याच्यावरचे तपशील पुसट होतात. मग ऑटोस्टॅकर्ट हे सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम तपासतं आणि सर्वांत स्वच्छ तेवढ्या निवडून एकावर एक रचतं, यालाच स्टॅकिंग म्हणतात. हजार फ्रेमची सरासरी काढली की दाणेदारपणा तीसेक पटींनी कमी होतो. शेवटी रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट नावाच्या फिल्टरने धार आणायची, आणि इथे हात आवरायचा, कारण जास्त धार दिली की खोट्या कडा उमटतात. असे फोटो आम्ही पेजवर घेत नाही. नीट केलेल्या स्टॅकिंगमध्ये जे आहे ते आकाशातून आलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला १९ जुलै २००९ ला गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग दिसला. काहीतरी गुरूवर आदळलं होतं. त्याची दुर्बीण साडेचौदा इंचांची होती, तुमच्याहून बरीच मोठी, पण पद्धत हीच. नंतर हबल ही अवकाश दुर्बीणही तिकडे वळवली गेली.

तुम्ही लिहिलंय की दुर्बीण बाहेर नेल्या नेल्या फोटो काढले. घरातून नेलेला आरसा कोमट असतो आणि नळीतच हवा ढवळत राहते. पाऊण तास ती उघड्यावर निवू द्या. ग्रह छपरालगत असेल तर तो वर चढेपर्यंत थांबा. खिडकीच्या काचेतून कधीच काढू नका. आमच्या मुलाने तुम्हाला फोनवर ‘थोडं थांबा’ म्हटलं ते याचसाठी. तुम्हाला ती टाळाटाळ वाटली.

परत घेण्याबद्दल: आम्ही नाही म्हटलेलं नाही, आधी तपासायला आणा म्हटलं होतं. तेच आताही म्हणतो. तुमच्यासमोर ताऱ्यावर चाचणी घेऊ. आरशात दोष निघाला तर दुर्बीण बदलून देऊ. आणि दोष नसूनही तुम्हाला ती ठेवायची नसेल, तर परत घेऊ.

त्याआधी आकाश स्वच्छ असेल त्या रात्री एक करा. एक्स्पोजर लॉक करून मोबाईलनेच गुरूचा दीड मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि मूळ फाइल ईमेलने पाठवा. मेसेजिंग ॲपवरून पाठवू नका, त्यात फाइल दाबली जाते आणि पट्टे तिथेच हरवतात. ती मी स्वतः स्टॅक करून, प्रत्येक पायरीच्या सेटिंगसकट तुम्हाला परत पाठवतो.